ठिगळ: साक्ष आणि सोंग

पदव्युत्तर वर्गाला ग्रामीण कथा शिकवताना शब्द अडतात, हे आम्ही केव्हाच पत्करले आहे. मोट, नाडा, शिवळ, कणगी हे शब्द आता अर्थ सांगूनच पुढे जावे लागते. पण दोन वर्षांपूर्वी 'ठिगळ' या शब्दापाशी वर्ग थांबला तेव्हा मात्र आम्ही चपापलो. आम्ही दोघे एकाच विभागात शिकवतो. प्रसंग आमच्यापैकी एकीच्या तासाला घडला आणि दुसऱ्याने तो मधल्या सुट्टीत ऐकला; तेव्हापासून तो आमच्या दोघांच्याही डोक्यातून गेलेला नाही. एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, ठिगळ म्हणजे पॅच ना?" आणि शेजारच्या मुलाच्या गुडघ्याकडे बोट दाखवले. त्याच्या जीन्सच्या दोन्ही गुडघ्यांवर गडद निळ्या कापडाचे तुकडे शिवलेले होते आणि त्यांच्या कडा मुद्दाम उसवून ठेवलेल्या होत्या. वर्ग हसला. मागच्या बाकावरचा एक मुलगा तेवढा हसला नाही. तास संपल्यावर तो टेबलापाशी आला आणि म्हणाला, "मॅडम, माझी आई ठिगळ आतल्या बाजूनं लावायची. बाहेरून दिसू नये म्हणून." एवढे बोलून तो निघून गेला.

जे ठिगळ एका आईने आतून लावले, तेच दुसऱ्या कोणी बाहेरून लावून विकावे आणि तिसऱ्याने ते हौसेने विकत घ्यावे, हे कसे घडले? हा प्रश्न केवळ फॅशनचा नाही. कष्टकऱ्याच्या अंगावरचे कापड त्याच्या अंगावरून उतरून बाजारात कसे आले, वाटेत त्याचे अर्थ कसे बदलले आणि त्या प्रवासात कष्टकरी स्वतः कुठे राहिला, असा तो प्रश्न आहे. त्याचा मागोवा घेण्यासाठी आम्ही जीन्सचाच इतिहास निवडला. कारण कामाच्या कपड्याचे रस्त्यावरच्या मिरवण्याच्या कपड्यात झालेले रूपांतर इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुठल्या वस्त्रात दिसत नाही.

या इतिहासाचा एक धागा थेट आपल्या दारात येतो. कामगारांच्या जाड्याभरड्या पँटला इंग्रजीत जो 'डंगरी' शब्द आहे, तो मुंबईच्या डोंगरीवरून आला असे मानले जाते. त्या परिसरात विकले जाणारे जाड, स्वस्त सुती कापड सतराव्या शतकापासून युरोपीय व्यापाऱ्यांच्या व्यवहारात दिसते. शिडे, तंबू आणि खलाशांचे कपडे यांसाठी ते वापरले जाई. ज्या कापडाला प्रतिष्ठा नव्हती, त्याला गावाचे नाव चिकटले आणि ते नाव जगभर गेले. आजही डोंगरीतून चालताना या शब्दाची आठवण कुणाला होत असेल असे वाटत नाही. 'डेनिम' हा शब्द फ्रान्समधील नीम या गावाशी आणि 'जीन' हा शब्द इटलीतील जिनोआ या बंदराशी जोडला जातो. तीन नावे, तीन बंदरे-बाजारपेठा. आणि तिन्हींच्या मागे तेच एक कापड, जे अंगावर घालणाऱ्याला निवड नव्हती.

त्या कापडाचा निळा रंगही निष्पाप नाही. अमेरिकेतील साऊथ कॅरोलिनात १७४० च्या दशकात निळीची लागवड रुजली ती गुलामांच्या श्रमावर. त्याच प्रांतात १७४० साली केलेल्या गुलामविषयक कायद्यात, गुलामांनी कोणत्या प्रतीच्या कापडापलीकडे काही घालू नये, याची यादीच दिलेली होती. जाडेभरडे, हलक्या किमतीचे कापड एवढेच त्यांना विहित होते. निळ्या लिननचा उल्लेख त्या यादीत आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात निळीचा मोठा पुरवठा बंगाल आणि बिहारमधून होऊ लागला. तेथील रयतेवर झालेल्या जुलमातून १८५९ चा निळीचा उठाव झाला, १८६० मध्ये दीनबंधू मित्र यांचे 'नीलदर्पण' हे नाटक आले, आणि १९१७ मध्ये गांधीजी चंपारण्यात गेले तेही निळीच्याच प्रश्नावर. जर्मन कंपनीने कृत्रिम नीळ १८९७ मध्ये बाजारात आणली आणि शेतातल्या निळीचे युग ओसरले. जीन्सची ओळख बनलेला निळा रंग आधी अनेकांच्या घामाचा होता, हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

जीन्सच्या जन्माची एक लोकप्रिय आख्यायिका आहे. सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियात लोंढे आले, लेव्ही स्ट्रॉस नावाचा व्यापारी तंबूचे कापड घेऊन तेथे पोचला, तंबू खपेनात म्हणून त्याने त्याच कापडाच्या पँटी शिवल्या, अशी ती कथा. ती खरी नाही. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपात आणि आगीत कंपनीची जुनी दप्तरे जळाली. त्या रिकाम्या जागेत ही कथा चांगलीच फोफावली. स्ट्रॉस १८५३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आला तो कापड आणि किरकोळ मालाचा घाऊक व्यापारी म्हणून. पँटची कल्पना त्याची नव्हती. ती नेवाडातील रेनो या गावच्या जेकब डेव्हिस या शिंप्याची.

डेव्हिस मूळचा रिगाचा, स्थलांतरित ज्यू. तो घोड्यांच्या झुली आणि तंबू शिवत असे आणि त्यांचे पट्टे पक्के करायला तांब्याच्या रिव्हेटा ठोकत असे. १८७० च्या अखेरीस एका लाकूडतोड्याची बायको त्याच्याकडे आली. नवऱ्याची पँट टिकत नाही, लवकर न फाटणारी एक पँट शिवून द्या, एवढीच तिची मागणी. डेव्हिसने जाड कापड घेतले आणि खिशांच्या कोपऱ्यांवर, जिथे ताण पडून कापड फाटते तिथे, झुलीला मारायच्या त्याच रिव्हेटा मारल्या. पँट टिकली आणि मागणी वाढली. पेटंटचा खर्च झेपणारा नव्हता म्हणून त्याने १८७२ मध्ये आपल्याला कापड पुरवणाऱ्या स्ट्रॉसला पत्र लिहून भागीदारी सुचवली. २० मे १८७३ रोजी दोघांना १,३९,१२१ क्रमांकाचे पेटंट मिळाले. खिशांची तोंडे पक्की करण्याच्या पद्धतीतील सुधारणा, असा त्याचा विषय आहे.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. ज्या वस्त्राला आज फाडून विकले जाते, त्याचा सगळा शोधच मुळी 'फाटू नये' या एका गरजेपोटी लागला. रिव्हेट ही शोभा नव्हती. एका बाईला नवऱ्याची पँट पुन्हापुन्हा शिवण्याचा कंटाळा आला होता, किंवा नवे कापड घ्यायला पैसे नव्हते, किंवा दोन्ही. तिचे नाव इतिहासात राहिले नाही. आमच्या विद्यार्थ्याच्या आईचा आणि तिचा प्रश्न एकच होता. फरक एवढाच की एकीला जवळ शिंपी होता आणि दुसरीला सुईदोराच होता.

या पँटी खाणकामगार, लाकूडतोडे, गुराखी, रेल्वेमजूर यांच्या अंगावर गेल्या. मात्र त्या काळातील श्रमाचे चित्र जेवढे रांगडे तेवढेच क्रूरही होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यू मेक्सिकोत जुन्या कपड्यांच्या एका मेळाव्यात १८८० च्या दशकातील एक लेव्हाय जीन्स लिलावात निघाली. एका ओसाड खाणीत सापडलेली, मेणबत्तीच्या मेणाचे डाग असलेली. बोली ७६,००० डॉलरवर थांबली आणि लिलावाचे शुल्क धरून किंमत ८७,४०० डॉलर झाली. त्या जीन्सच्या खिशाच्या आतल्या कापडावर छापलेले होते की, हा माल केवळ गोऱ्या मजुरांनी बनवलेला आहे. १८८२ मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांच्या प्रवेशावर बंदी घालणारा कायदा केला. ज्या चिनी मजुरांनी सिएरा पर्वतातून रेल्वेचा मार्ग खोदून काढला, त्यांच्याविषयीच्या द्वेषाला बाजारपेठेत किंमत आली होती आणि त्या काळात अनेक उत्पादक अशी जाहिरात करत. कंपनीने पुढे हे धोरण सोडले. परंतु एका कष्टकऱ्याची पँट विकण्यासाठी दुसऱ्या कष्टकऱ्याचा अपमान छापावा लागला, ही गोष्ट त्या खिशाने सव्वाशेहून अधिक वर्षे जपून ठेवली. ज्याला आज आपण 'अस्सल जुने' म्हणून कौतुकाने हाताळतो, त्याच्या आतल्या बाजूलाही काही लिहिलेले असते. आतली बाजू पाहण्याची सवय मात्र बाजाराला नसते.

कामाच्या अंगावरून हे कापड हौसेच्या अंगावर गेले ते १९३० च्या दशकात. अमेरिकेच्या पूर्वेकडील सुखवस्तू लोक पश्चिमेकडील कुरणांवर सुट्टी घालवायला जाऊ लागले. काही दिवस गुराखी होऊन पाहायचे आणि परत जायचे, असा तो प्रकार. १९३४ मध्ये स्त्रियांसाठी खास जीन्स निघाली. मंदीने शेतमजूर देशोधडीला लागत होते त्याच दशकात त्यांच्यासारखे कपडे घालून सुट्टी घालवण्याची पद्धत पडली, हा योगायोग आम्हांला साधा वाटत नाही. पुढे १९५३ मध्ये मार्लन ब्रँडो आणि १९५५ मध्ये जेम्स डीन यांनी पडद्यावर जीन्स घातली आणि ती बंडखोर तरुणाची खूण झाली. शाळांनी तिच्यावर बंदी घातली. मजुराच्या अंगावर असताना जी कुणाला खुपली नव्हती, ती मध्यमवर्गीय मुलाच्या अंगावर येताच धोकादायक ठरली.

आणि तरीही कष्टकऱ्याचा वेष दुसऱ्याने घालणे म्हणजे दरवेळी सोंगच, असे म्हणता येत नाही. याच काळात त्या वेषाला एक वेगळा अर्थ देणारी माणसेही झाली. १९६० मध्ये स्थापन झालेल्या अहिंसक विद्यार्थी समन्वय समितीचे कृष्णवर्णीय तरुण-तरुणी मिसिसिपीसारख्या राज्यांत मतदार नोंदणीसाठी खेडोपाडी जात. त्यांतील अनेक जण महाविद्यालयांत शिकलेले, नीटनेटक्या कपड्यांच्या शिस्तीत वाढलेले. त्यांनी वाटेकरी शेतमजुरांचे डेनिमचे ओव्हरऑल अंगावर चढवले. ज्यांच्या दारात जायचे त्यांच्यापासून आपण वेगळे नाही, हे सांगण्याचा तो मार्ग होता आणि त्यासाठी त्यांनी मार खाल्ला, तुरुंगवास सोसला. १२ एप्रिल १९६३ रोजी, गुड फ्रायडेला, मार्टिन ल्यूथर किंग आणि राल्फ ॲबरनथी बर्मिंगहॅममध्ये अटक करून घ्यायला निघाले तेव्हा त्यांच्या अंगावर डेनिमचे कामकरी कपडे होते. ईस्टरच्या खरेदीवर बहिष्कार टाकून वर्णभेद पाळणाऱ्या दुकानदारांना धडा शिकवायची ती मोहीम होती. सणाला नवे कपडे न घेता मजुराचे कपडे घालणे हेच त्या दिवशी भाषण होते.

आपल्याकडे याचा दाखला त्याहून पंचाहत्तर वर्षे जुना आहे. मार्च १८८८ मध्ये पुण्यात हरी रावजी चिपळूणकर यांनी ड्यूक ऑफ कनॉट यांच्या सन्मानार्थ दिलेल्या समारंभाला महात्मा फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले. जरतारी पागोट्यांच्या आणि दागिन्यांच्या त्या मेळाव्यात त्यांनी राजपुत्राला सांगितले ते थोडक्यात असे, की येथे जमलेल्यांवरून या देशाची कल्पना करू नका. खरी प्रजा खेड्यांत आहे, अर्धपोटी आहे, तिला शिक्षण हवे आहे. फुले स्वतः यशस्वी कंत्राटदार होते. त्यांना उत्तम पोशाखात जाता आले असते. तो वेष त्यांनी निवडला, पण जे गैरहजर होते त्यांना सभेत आणण्यासाठी निवडला. १९२१ मध्ये मदुराईत गांधीजींनी पंचा नेसण्याचा निर्णय घेतला, त्यामागेही खादी विकत घेण्याची ऐपत नसलेल्या माणसांचा विचार होता. त्यांनी तो वेष पुढे आयुष्यभर उतरवला नाही.

या उदाहरणांना आम्ही 'साक्ष' म्हणू. साक्ष देणारा दुसऱ्याचे वस्त्र अंगावर घेतो, तेव्हा त्या वस्त्राच्या मालकाचे नाव घेतो आणि त्याची किंमतही स्वतः मोजतो. सोंगात या दोन्ही गोष्टी नसतात. वस्त्र तेवढे येते, माणूस बाहेर राहतो.

सोंगाचा बाजार गेल्या पन्नास वर्षांत वाढला. १९७० च्या दशकातील लंडनच्या पंक तरुणांनी कपडे फाडले ते आधी रागाने. बेकारीच्या काळात नीटसपणालाच त्यांनी लाथाडले होते. पण राग विकायला फार वेळ लागत नाही. १९८० च्या दशकात जीन्स कारखान्यातच प्यूमिस दगडांबरोबर धुवून विटवून विकली जाऊ लागली. जे विटणे पूर्वी वर्षानुवर्षांच्या वापराने येई, ते काही तासांच्या धुलाईत मिळू लागले. जानेवारी २००० मध्ये पॅरिसमध्ये जॉन गॅलियानोने डिओरसाठी सादर केलेल्या वस्त्रमालिकेची प्रेरणा सीनच्या काठावरचे बेघर लोक ही होती. तिच्याविरुद्ध निदर्शने झाली. २०१७ मध्ये अमेरिकेतील एका प्रतिष्ठित दुकानात ४२५ डॉलरला एक जीन्स आली, तिच्यावर चिखलाचे खोटे थर वाळवून चिकटवलेले होते. अंग मोडून केलेल्या कामाची खूण, अशी तिची जाहिरात. २०२२ मध्ये बालेन्सियागाने जवळजवळ चिंध्या झालेले बूट १,८५० डॉलरला काढले, फक्त शंभर जोड. इकडे मुंबईत, १९८२ च्या संपानंतर बंद पडत गेलेल्या गिरण्यांच्या जमिनींवर मॉल उभे राहिले. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात आज ज्या काचांमागे फाटक्या जीन्स टांगलेल्या असतात, तिथे एकेकाळी कापड विणले जात होते. विणणाऱ्यांची नातवंडे कदाचित त्याच मॉलमध्ये सुरक्षारक्षक असतील, कदाचित खरेदीला येत असतील. दोन्ही शक्य आहे आणि दोन्हींचा विचार केला पाहिजे.

एवढ्यावर ही कहाणी थांबली असती तर ती अभिरुचीची चर्चा ठरली असती. पण 'जुनेपणा' आपोआप येत नाही. तोही कुणीतरी कष्टाने बनवतो. जीन्सला मांडीवर आणि गुडघ्यावर विटका पट्टा आणण्याचा एक स्वस्त मार्ग म्हणजे दाबाखालील हवेने तिच्यावर वाळूचा मारा करणे. वाळूतील सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात जाते, तिथे व्रण होतात, आणि तो रोग, सिलिकोसिस, बरा होत नाही. पूर्वी हा खाणकामगारांचा रोग म्हणून ओळखला जाई. तुर्कस्तानात छोट्या, बिननोंदणीच्या कारखान्यांत, बंद खोल्यांत, तोंडाला साधे फडके बांधून हे काम करणारी तरुण मुले २००५ च्या सुमारास डॉक्टरांच्या नजरेस आली. पूर्वेकडील गरीब खेड्यांतून ती इस्तंबूलला कामाला आली होती, काही तर कोवळ्या वयाची. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा १४५ माजी कामगारांची तपासणी झाली. ७७ जणांना सिलिकोसिस होता. काही वर्षांनी त्यांतील जे पुन्हा तपासता आले, त्यांतल्या जवळजवळ सर्वांत रोग आढळला आणि काही जण दरम्यान मरण पावले होते. तुर्कस्तानने २००९ मध्ये या पद्धतीवर बंदी घातली. २०१० मध्ये लेव्हाय आणि एचअँडएम यांनी ती सोडत असल्याचे जाहीर केले. काम मग दुसऱ्या देशांकडे सरकले. २०१२ मध्ये बांगलादेशातील कारखान्यांत ते चालू असल्याचे कामगार संघटनांच्या अहवालाने दाखवून दिले. आता अनेक मोठ्या कारखान्यांत लेझरने कापड विटवतात.

म्हणजे वर्तुळ पुरे झाले. मजुराची पँट फाटू नये म्हणून जे वस्त्र जन्माला आले, ते खाणकामगाराच्या पँटसारखे दिसावे म्हणून सव्वाशेहून अधिक वर्षांनी दुसऱ्या मजुराला खाणकामगाराचा रोग झाला. या वाक्यात आम्ही अलंकार वापरलेला नाही. जे घडले ते एवढेच आहे.

जपानमध्ये या कथेचे एक शांत रूप पाहायला मिळते. ईशान्येकडील थंड प्रदेशात कापूस पिकत नसे. तागासारख्या वाखाच्या कापडावर कसाबसा निभाव लागे. दक्षिणेकडून जहाजांनी येणाऱ्या जुन्या सुती चिंध्या तेथील शेतकरी बायका विकत घेत आणि थरावर थर रचून, टाके घालून पांघरुणे व अंगरखे शिवत. एकेक वस्त्र पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाई. आपल्या वाकळीची किंवा गोधडीची ही सख्खी बहीण. तिला 'बोरो' म्हणतात, अर्थ, फाटके-तुटके. सुबत्ता आल्यावर लोकांना या वस्तूंची लाज वाटू लागली आणि त्या जाळल्या-टाकल्या जाऊ लागल्या. आओमोरीचे तानाका चुझाबुरो (१९३३–२०१३) यांनी गावोगाव हिंडून त्या जमवल्या आणि त्यांच्या संग्रहातील ७८६ वस्तूंना १९८३ मध्ये राष्ट्रीय महत्त्वाचा लोकसांस्कृतिक ठेवा म्हणून मान्यता मिळाली. आज बोरोच्या धर्तीवरचे कोट भारी किमतीला विकले जातात. तानाका ज्या घरांत गेले त्या घरांतल्या लाजेविषयी त्या कोटांच्या चिठ्ठीवर काही लिहिलेले नसते. मात्र संग्राहक आणि सौदागर यांतला फरक येथे दिसतो: एकाने वस्त्राबरोबर ते शिवणाऱ्या बाईची थंडीही जपली.

आता आपल्या समाजाविषयी. फाटके वस्त्र आपल्याकडे केवळ दारिद्र्याची खूण नव्हते. ते लादलेलेही होते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे असे विधान आहे. साऊथ कॅरोलिनाचा कायदा आणि हे विधान यांत शतकांचे आणि समुद्रांचे अंतर आहे, पण दोघांना एकच गोष्ट ठाऊक होती: माणसाला त्याची पायरी दाखवायची तर त्याच्या अंगावरचे कापड ठरवावे. म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला, मनुस्मृतीचे दहन झाल्यानंतर, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे जमलेल्या स्त्रियांशी लुगडे नेसण्याच्या पद्धतीविषयी मुद्दाम बोलले. अस्पृश्यतेची खूण सांगणारी नेसण आणि दागिने टाका, स्वच्छ राहा, असे त्यांनी सांगितले, आणि दुसऱ्याच दिवशी स्त्रियांनी नेसण बदलली. बाबासाहेबांच्या सुटाकडे काही जण आजही साहेबी थाट म्हणून पाहतात. ज्याच्या पूर्वजांना मृतांची वस्त्रे विहित होती, त्याच्या अंगावरचा इस्त्रीचा कोट काय बोलतो, हे त्यांना ऐकू येत नाही.

फुल्यांनी सुस्थितीत असताना शेतकऱ्याचा वेष घातला. आंबेडकरांनी लादलेला वेष टाकायला सांगितला. वरकरणी या दोन उलट दिशा. पण दोघांचाही आग्रह एकच, की वस्त्राचा अर्थ ते घालणाऱ्या माणसाने ठरवावा. फाटके घालण्याचे स्वातंत्र्य खरे तेव्हाच, जेव्हा न फाटलेले घालणेही हाती असते. ज्याच्याकडे दुसरी पँट आहे, त्याचीच फाटकी पँट 'स्टाइल' ठरते. ज्याच्याकडे नाही, त्याला लोक अजूनही बसमध्ये थोडे सरकून बसतात.

हे सारे लिहिताना एका गैरसमजाची आम्हांला धास्ती आहे. २०२१ मध्ये उत्तराखंडच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी फाटक्या जीन्स घालणाऱ्या स्त्रियांच्या संस्कारांविषयी शंका काढली होती. २०२४ मध्ये मुंबईतील एका महाविद्यालयाने फाटक्या जीन्सवर बंदी घातली. आमचे म्हणणे त्या रांगेत बसवू नये. मुलींच्या गुडघ्यांची चिंता करणाऱ्यांना त्या जीन्समागच्या मजुराच्या फुप्फुसांची चिंता कधी वाटल्याचे आम्ही ऐकलेले नाही. त्यांचा आक्षेप दिसणाऱ्या त्वचेला आहे. आमचा न दिसणाऱ्या हातांविषयी आहे. आणि आमच्या वर्गातला तो मुलगा, ज्याच्या गुडघ्यांवर पॅच होते, तो शहराच्या कडेच्या वस्तीतून येतो, सायंकाळी एका दुकानात काम करतो. ती जीन्स त्याने पहिल्या पगारातून घेतली होती. त्याच्या लेखी ती दारिद्र्याची नक्कल नव्हती. दारिद्र्यातून बाहेर पडल्याची ती पावती होती. इतिहास असा सरळ रेषेत न्याय करू देत नाही.

शिवाय, बोट दाखवायचे तर एक आमच्याकडेही वळते. आम्ही मराठीचे प्राध्यापक. फाटकी वस्त्रे, पेटलेल्या चुली, भेगाळलेली जमीन हे आमचे अभ्यासविषय. कष्टकऱ्यांच्या आणि दलितांच्या आत्मकथनांतली चिंधी आम्ही 'प्रतिमा' म्हणून शिकवतो, तिच्यावर चर्चासत्रे भरवतो, शोधनिबंध लिहितो, त्यांवर आमच्या बढत्या होतात. ज्याने ती चिंधी नेसली त्याची थंडी आमच्या विवेचनात किती उरते? 'वास्तवाचे दाहक दर्शन' असे आम्ही फळ्यावर लिहितो तेव्हा आम्ही साक्ष देत असतो, की कापड विटवत असतो? त्या दिवशी 'ठिगळ' या शब्दाचा अर्थ आम्ही शब्दकोशातून सांगितला होता. तो बरोबर होता आणि अपुरा होता. पुरा अर्थ मागच्या बाकावर होता, आणि तास संपेपर्यंत त्याला बोलावेसे वाटले नाही. ते वाटावे असा वर्ग आम्ही ठेवू शकलो नव्हतो.

यंदा तो धडा पुन्हा आला. आम्ही 'ठिगळ' या शब्दाचा अर्थ सांगितला नाही; घरी विचारून या, असे सांगितले. दुसऱ्या दिवशी काही मुले रिकाम्या हाताने आली. काहींनी आजीचे शब्द आणले: वाकळ, धडुते, दंड घालणे, रफू. एका मुलीने आजोबांचा सदरा आणला होता. पाठीवर, घामाने कापड जिथे आधी विरते तिथे, आतून ठिगळ होते. टाके इतके बारीक की बाहेरून उजेडात धरल्याशिवाय कळत नव्हते. तो सदरा बाकाबाकांवरून फिरला. मुले तो उलटा करून पाहत होती.